तंबोऱ्याच्या कसोटीवर जुने हेडफोन

मुंबईत जुने, उंची हेडफोन गोळा करायचे म्हटले की पहिली अडचण ही, की असे हेडफोन आपल्याकडे मुळात फारसे आलेच नाहीत. आयातीवर कडक निर्बंध होते त्या दशकांत परदेशी ध्वनिसामग्री एक तर बोटीवर नोकरी करणाऱ्याच्या सामानातून येई, नाही तर आखातातल्या नातेवाइकाच्या बॅगेतून. आणि कस्टमच्या तपासणीला तोंड देऊन एखादीच वस्तू आणायची, तर माणूस टू-इन-वन, म्हणजे रेडिओ आणि टेपरेकॉर्डर एकत्र असलेले यंत्र आणी, एका वेळी एकालाच ऐकू येणारे यंत्र कशाला आणील? त्यामुळे माझ्याकडे आलेले बहुतेक नग घरगुती शौकिनांचे नाहीत, ध्वनिमुद्रण हा ज्यांचा धंदा होता त्यांचे आहेत. कुणी निवृत्त ध्वनिमुद्रक घराचा माळा रिकामा करतो, एखादा डबिंग स्टुडिओ भाडे परवडेनासे झाल्याने बंद होतो, आणि मग केबलांच्या गुंडाळ्या व मोडके माइक-स्टँड यांच्याबरोबर हेडफोनही भंगाराच्या भावात बाहेर पडतात. चोरबाजारात मटण स्ट्रीटवर ग्रामोफोन आणि कॅमेरे हवे तेवढे दिसतात. हेडफोन क्वचित दिसतो, आणि दिसला तरी तो टेलिफोन ऑपरेटरचा असल्याचे विकणारा छातीठोकपणे सांगतो. तो गैरसमज दूर करण्याची घाई मी कधी केलेली नाही.

या यंत्राची वंशावळ थोडक्यात सांगायची तर, बर्लिनच्या ऑयगेन बायर यांच्या कंपनीने १९३७ साली डीटी ४८ हा डायनॅमिक, म्हणजे चुंबक, कॉइल आणि पडदा यांवर चालणारा हेडफोन काढला. १९५८ मध्ये अमेरिकेतल्या मिलवॉकीच्या जॉन कॉस यांनी एसपी/३ आणून स्टिरिओ संगीत घरबसल्या कानांवर चढवण्याची सोय केली. आणि १९६८ मध्ये जर्मनीच्या सेनहायझरने एचडी ४१४ काढून पाठीमागून उघड्या असलेल्या हेडफोनची वाट घालून दिली. संग्राहकांत सोनीचा १९८९ चा एमडीआर-आर१०, ज्याच्या वाट्या जपानी झेल्कोव्हा लाकडाच्या आहेत, किंवा सेनहायझरचा १९९१ चा ऑर्फियस, ज्याचे अवघे ३०० संच निघाले, ही नावे मोठ्या आदराने घेतली जातात. ती माझ्या खिशाच्या पलीकडची असल्याने त्यांचा उल्लेख एवढाच.

मी ज्या तीन नगांवर मन लावून काम केले, ते म्हणजे एचडी ४१४, ऑस्ट्रियाच्या एकेजी कंपनीचा १९७० च्या दशकातला के२४० सेक्स्टेट आणि यामाहाचा १९७६ चा एचपी-१. तिघांची घडण तीन तऱ्हेची आहे. एचडी ४१४ मध्ये छोटा पडदा, कानावर नुसता टेकणारा पिवळा स्पंज आणि मागे मोकळी जाळी, एवढाच संसार आहे. सेक्स्टेटमध्ये मुख्य पडद्याभोवती सहा छोटे निष्क्रिय पडदे बसवलेले आहेत. त्यांना ना कॉइल ना चुंबक, मुख्य पडद्याच्या हालचालीने हवेचा जो दाब बदलतो त्यावर ते डोलतात आणि खर्जाला साथ देतात. एचपी-१ ची गंमत निराळी आहे. त्यात कॉइल वेगळी गुंडाळलेली नसून केसापेक्षाही पातळ अशा फिल्मवर ती सपाट उमटवलेली आहे, आणि ही फिल्म दोन सच्छिद्र चुंबकी तबकड्यांमध्ये ताणून ठेवलेली आहे. त्यामुळे पडद्याला मध्यभागी एका जागी ढकलले न जाता त्याच्या जवळजवळ सगळ्या पृष्ठभागावर जोर पडतो. यामाहाने या रचनेला ऑर्थोडायनॅमिक हे नाव दिले होते. त्याचे बाह्यरूप इटालियन वास्तुरचनाकार मारिओ बेलिनी यांनी रेखाटले आहे, आणि आजही तो टेबलावर ठेवला की घरी आलेला माणूस आधी त्यालाच हात लावतो.

विकत घेताना मी सोबत दोनच वस्तू नेतो, एक मल्टिमीटर आणि एक दीड व्होल्टचा पेन्सिल सेल. प्लगच्या टोकांवर मीटर लावून दोन्ही बाजूंचा रोध पाहायचा. एचडी ४१४ चा रोध २००० ओहमच्या, सेक्स्टेटचा ६०० च्या आणि एचपी-१ चा १५० च्या आसपास असायला हवा. मीटर एकदिश प्रवाहावर मोजत असल्याने आकडा थोडा कमी येतो, पण दोन्ही कानांचे आकडे एकमेकांना धरून असले पाहिजेत. एका बाजूला मीटर काहीच दाखवत नसेल, तरी लगेच नग खाली ठेवू नये. दोष बहुतेक वेळा प्लगपासून वीतभर अंतरावर, जिथे केबल वर्षानुवर्षे वाकत आलेली असते, तिथे असतो, आणि विकणाऱ्याने ‘एक कान गेलाय’ म्हणून भाव आधीच उतरवलेला असतो. सेलची टोके क्षणभर टेकवली की कानात ‘टक्’ असा आवाज येतो. तो स्वच्छ असेल तर पडदा मोकळा आहे. त्यात खरखर मिसळलेली असेल तर पडद्याला काहीतरी घासते आहे, असे समजावे.

हे घासणारे काहीतरी म्हणजे बहुधा स्पंज असतो, आणि तो तसा होण्यात मुंबईच्या हवेचा मोठा हात आहे. हेडफोनच्या आत धूळ अडवायला आणि नाद दाबायला पॉलियुरेथेनच्या स्पंजच्या चकत्या वापरत. हा पदार्थ हवेतल्या पाण्याच्या वाफेने हळूहळू विघटित होतो. युरोपातल्या कोरड्या घरात तो भुगा होऊन पडतो. आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये हवेतली आर्द्रता दिवसचे दिवस ऐंशी टक्क्यांच्या वर राहते, तिथे तो भुगा होण्याआधी उन्हाळ्यातल्या गुळासारखा चिघळतो आणि शेजारच्या प्रत्येक भागाला चिकटून बसतो. कोरडा भुगा फुंकरीने उडवता येतो, हा चिकटा उडत नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून पिळून काढलेल्या कापसाच्या काडीने, पडद्याला स्पर्श न होऊ देता, कडेकडेने तो सोडवावा लागतो. काडी दोनदा फिरवली की फेकून द्यायची, नाही तर तोच चिकटा पुढच्या जागी फासला जातो. पडद्यावरच पडलेला कण काढायला मी मऊ केसांचा, जलरंगांचा बारीक कुंचला वापरतो, तोही कोरडा.

एचपी-१ उघडला तेव्हा वेगळेच काम निघाले. चुंबकी तबकडीच्या भोकांच्या कडांना लोखंडाचा बारीक कीस उभा राहिला होता. ज्या स्टुडिओतून तो आला तिथे शेजारी सुतार-लोहाराचे काम चालत असावे. असा कण भोकातून आत सरकला की फिल्मला टोचत राहतो, आणि लोखंडी चिमटा जवळ नेला तर तो चिमटाच झटक्यात तबकडीवर जाऊन आदळतो. पितळी चिमट्याच्या टोकाला रंगाऱ्यांकडे मिळणाऱ्या मास्किंग टेपची चिकट बाजू बाहेर ठेवून छोटी गुंडाळी केली आणि प्रत्येक भोकावर ती हलकेच टेकवत गेलो. भिंगाखाली पाहिले तर टेपवर काळे, काट्यासारखे कण एका रांगेत चिकटलेले दिसत होते. पडद्यामागे नाद दाबण्यासाठी लावलेले फेल्टचे गोल तुकडे मात्र मी बदलले नाहीत. ते मळले होते, पण त्यांची जाडी आणि घट्टपणा हा त्या हेडफोनच्या आवाजाचाच भाग आहे, आणि नवे फेल्ट कितीही चांगले दिसले तरी त्यातून हवा तितक्याच कष्टाने जाईल याची खात्री देता येत नाही.

सेक्स्टेटचे आजारपण बरेच सुसह्य होते. त्याचा डोक्यावरचा पट्टा आपोआप मापात येतो तो दोन्ही बाजूंच्या इलॅस्टिकमुळे, आणि ते इलॅस्टिक मरून गेल्याने वाट्या कानांखाली घसरत होत्या. शिवणकामाच्या सामानाच्या दुकानात मिळणारे गोल इलॅस्टिक तिथे चपखल बसले. या हेडफोनची केबल फक्त डाव्या वाटीत शिरते आणि उजव्या कानाचा संकेत डोक्यावरच्या कमानींमधून पलीकडे जातो. म्हणून उजवा कान अधूनमधून गप्प होत असेल तर कमानींचे सांधे आधी तपासावेत. एचडी ४१४ बद्दल तर तक्रारीला जागाच नाही. केबल ओढली की निघते, स्पंज हातांनी निघतो आणि धुता येतो, आणि पूर्ण उघडायला स्क्रू ड्रायव्हरची गरज जवळजवळ भासत नाही. इतका दुरुस्त करण्याजोगा हेडफोन इतक्या वर्षांपूर्वी बनवणाऱ्यांना मी मनोमन नमस्कार करतो. आजच्या बंद, चिकटवलेल्या डब्या पाहिल्या की तो नमस्कार अधिकच मनापासून होतो. त्याच्या टोकाला असलेला पाच पिनांचा, फाशाच्या ठिपक्यांसारख्या मांडणीचा जर्मन प्लग कापून आजचा जॅक लावावा, असा सल्ला लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे मुंबईच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, मला एकाहून अधिक काउंटरांवर मिळाला. मी तो कापला नाही. हा प्लग उलटा फिरवून खोचला की स्पीकर बंद आणि सरळ खोचला की चालू, अशी त्या काळच्या जर्मन रेडिओंमधली सोय होती, आणि ती खूण पुसून टाकणे मला रुचेना. तिथूनच सॉकेट आणि तारा घेऊन मध्ये जोडायचा छोटा तुकडा बनवला.

खरा वेळ गेला तो एचपी-१ च्या गाद्यांमध्ये. मूळ गाद्यांचे कातड्यासारखे आवरण पापुद्रे सुटून गेले होते आणि आतला स्पंज चपटा झाला होता. बाजारात मिळणाऱ्या तयार गाद्या मापाला जवळपास बसत, पण ‘जवळपास’ हा शब्द इथे चालत नाही. कान, गादी आणि पडदा यांच्यामध्ये जी हवेची छोटी खोली तयार होते, तिच्यातून हवा निसटली की खर्ज निसटतो. आणि गादी दोन-तीन मिलिमीटरने जाड किंवा पातळ झाली की पडद्याचे कानापासूनचे अंतर बदलून वरच्या पट्टीचा स्वभाव बदलतो. शेवटी पुठ्ठ्याचा साचा कापून मी धारावीत चामड्याचे काम करणाऱ्या एका वयस्क कारागिराकडे गेलो. त्यांनी साचा उलटसुलट करून पाहिला आणि विचारले, “साहेब, चामडं जेवढं पातळ घ्याल तेवढी शिवण उठून दिसणार. तुम्हाला दिसायला पायजे की बसायला?” मी म्हटले, “मामा, दिसलं नाही तरी चालेल, पण हवा निसटता कामा नये.” त्यांनी मेंढीचे मऊ चामडे निवडले, शिवण आतल्या अंगाला घेतली आणि चष्म्याच्या दांडीजवळ गादी उचलली जाते ती जागा थोडी सैल ठेवली. चष्म्याचा मुद्दा मी सांगितलेला नव्हता. माझ्या नाकाकडे पाहून त्यांनीच तो ओळखला होता.

आता तुलनेकडे येतो. जुन्या हेडफोनची तुलना करताना पहिला प्रश्न अॅम्प्लिफायरचा. त्या काळच्या रिसिव्हरमध्ये हेडफोनचा जॅक स्पीकरच्याच वाटेवर काही शे ओहमचे रेझिस्टर घालून काढलेला असे, आणि पुढे आंतरराष्ट्रीय मानकानेही १२० ओहम हा निर्गमरोध, म्हणजे जॅकच्या बाजूचा अॅम्प्लिफायरचा स्वतःचा रोध, सुचवला. आजचे अॅम्प्लिफायर मात्र तो शून्याजवळ ठेवतात. याचा परिणाम सगळ्यांवर सारखा होत नाही. नेहमीच्या कॉइलच्या हेडफोनचा रोध त्याच्या अनुनादाच्या आसपास, म्हणजे पडदा ज्या कंपनाला सर्वांत सहज डोलतो तिथे, साधारण १०० हर्ट्झजवळ चढतो. त्यामुळे १२० ओहमच्या जॅकवर त्या भागात एखाद्या डेसिबलचा फुगवटा येतो आणि आवाज ‘गोड’ वाटू लागतो. एचपी-१ सारख्या सपाट पडद्याच्या हेडफोनचा रोध खालपासून वरपर्यंत जवळजवळ एकसारखा राहतो. त्याचा आवाज त्या जॅकवर सुमारे ५ डेसिबलने खाली येतो, पण स्वभाव बदलत नाही. शिवाय २००० ओहमच्या एचडी ४१४ ला १ व्होल्ट दिला तर जेमतेम अर्धा मिलिवॉट पोचतो, तोच व्होल्ट एचपी-१ मध्ये साडेसहा मिलिवॉटहून अधिक शक्ती ओततो. म्हणून ‘मोबाइलला लावून पाहिला, मेलेला वाटतो’ या शेऱ्यावर कुणी एचडी ४१४ स्वस्तात विकत असेल, तर अवश्य घ्यावा.

दुसरा प्रश्न पातळीचा. किंचित मोठा आवाज माणसाला अधिक चांगला वाटतो, मोठा वाटत नाही. तिथेच बहुतेक घरगुती तुलना फसतात. हार्डबोर्डच्या तुकड्याला भोक पाडून त्यात छोटा माइक सपाट बसवला, त्यावर एकेक वाटी दाबून सगळ्या पट्ट्यांचा समतोल असलेला गोंगाट, ज्याला पिंक नॉइज म्हणतात, तो वाजवला, आणि सर्वांची पातळी अर्ध्या डेसिबलच्या आत आणली. हे साधन कानाची नक्कल करत नाही, त्यामुळे त्यावरून आलेख काढण्याच्या फंदात मी पडलो नाही. कायमचा मापदंड म्हणून सेनहायझरचा एचडी ६०० ठेवला. तो १९९७ चा असला तरी त्याच्या नव्या गाद्या आजही मिळतात, आणि ज्याची गादी नवी आहे तोच मापदंड होऊ शकतो.

ऐकण्यासाठी मी तंबोरा निवडला, आणि हा निर्णय मला या सगळ्या खटाटोपातला सर्वांत उपयोगी वाटतो. चित्रपटगीतांत वाद्यमेळ क्षणाक्षणाला बदलतो, आवडीनिवडी आड येतात, आणि जुन्या तबकड्यांत मुद्रणाचाच दोष कुठला आणि हेडफोनचा कुठला हे कळत नाही. तंबोरा एकसारखा वाजत राहतो. खर्जाच्या तारेपासून जवारीतून, म्हणजे घोडीवर तारेखाली दोरा सरकवून साधलेल्या झणकारातून, उमटणाऱ्या वरच्या स्वरांच्या झुपक्यापर्यंत त्यात सगळा पल्ला असतो. आणि एक हेडफोन काढून दुसरा घालेपर्यंत काही निसटत नाही. आमच्या इमारतीत गाणे शिकवणाऱ्या ताई राहतात. त्यांच्याच दोन तंबोऱ्यांचे मी घरी ध्वनिमुद्रण केले आणि त्यांनाच ऐकायला बसवले. हेडफोनची परीक्षा खऱ्या अर्थाने डोळे बांधून घेता येत नाही, कारण वजन आणि गादीचा स्पर्श डोळे मिटले तरी ओळखू येतो. पण ताईंना नावांशी काही देणेघेणे नव्हते, ही सोय होती.

सेक्स्टेट कानावर ठेवताच त्या म्हणाल्या, “अरे, हा तंबोरा छान भरलेला आहे, पण जवारी कुणीतरी बंद केलीय. दोरा सरकलाय का?” एचडी ४१४ वर खर्ज जवळजवळ नाहीसा झाला, पण पंचमाची तार समोर कुणी छेडावी तशी आली; “याच्यावर गळा ऐकव, तंबोरा नको,” असा त्यांचा अभिप्राय. एचपी-१ त्यांनी बराच वेळ काढला नाही. मग विचारले, “हे तेच रेकॉर्डिंग आहे ना? इथे दोन तंबोरे वेगवेगळे मोजता येतात.” माझेही मत तेच झाले होते, परंतु माझ्यावर बेलिनींच्या रेखाटनाचा आणि मोजलेल्या पैशांचा दाब होता, त्यांच्यावर काहीच नव्हता.

एवढ्यावर थांबलो असतो तर एचपी-१ श्रेष्ठ असे लिहून मोकळा झालो असतो. परंतु गाद्यांचे तीन जोड हाताशी होते: मूळ पापुद्रे गेलेला, बाजारातला तयार आणि धारावीत शिवलेला. म्हणून एकाच एचपी-१ वर ते पाळीपाळीने चढवून, दर वेळी पातळी नव्याने जुळवून, तेच ध्वनिमुद्रण ऐकले. मूळ गाद्यांवर खर्जाची तार पोकळ झाली आणि जवारी टोचू लागली. तयार गाद्यांवर खर्ज आला पण फुगून, वरचे स्वर मागे गेले. चामड्याच्या गाद्यांवर दोन्ही जागेवर आले. पहिल्या आणि तिसऱ्या जोडातला फरक हा एचपी-१ आणि सेक्स्टेट यांच्यातल्या फरकाहून मला मोठा वाटला. ताईंना न सांगता पुन्हा ऐकवले, तेव्हा त्यांनी मूळ गाद्यांच्या एचपी-१ ला ‘तो स्वस्तातला’ असे नाव दिले. जुन्या हेडफोनविषयी जी ठाम मते ऐकू येतात, हा पातळ, तो बोजड, अमक्याला खर्जच नाही, त्यांतली पुष्कळशी मते विशिष्ट नगाच्या गादीविषयीची असतात असा माझा तेव्हापासून पक्का समज झाला आहे. आणि याच न्यायाने, मी ज्याला उत्तम म्हणतो तो १९७६ चा एचपी-१ नव्हे, त्या पडद्यावर धारावीतल्या कारागिराचे चामडे बसवल्यावर जो तयार झाला तो आहे. मूळ आवाज कसा होता हे सांगू शकतील अशा नव्या मूळ गाद्या आता मिळत नाहीत, तेव्हा हा वाद इथेच थांबतो.

तेव्हापासून प्रत्येक नगाच्या डब्यात मी एक चिठ्ठी ठेवतो: दोन्ही कानांचा मोजलेला रोध, काय बदलले, काय तसेच ठेवले, गादी कुठली आणि तिची जाडी किती. डबे हवाबंद असतात, आत सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक असतो. काटा पन्नासच्या वर गेला की जेल ओव्हनमध्ये तापवून पुन्हा आत ठेवायचे. काढलेल्या मूळ गाद्याही, कितीही फाटलेल्या असल्या तरी, त्याच डब्यात पण वेगळ्या पिशवीत राहतात, कारण पुढच्या माणसाला साचा कापायला त्याच लागतील.

सध्या विलेपार्ल्याचे एक गृहस्थ त्यांच्याकडचा स्टॅक्स या जपानी कंपनीचा जुना इलेक्ट्रोस्टॅटिक, म्हणजे विद्युतभारित पडद्यावर चालणारा, हेडफोन-संच द्यायला तयार आहेत. त्याच्या पडद्यावर २३० व्होल्टचा भार सतत ठेवावा लागतो, आणि त्यासाठीचा जपानी डबा घरातल्या १०० व्होल्टच्या विजेवर चालणारा असल्याने मध्ये ट्रान्सफॉर्मर आलाच. ती सोय लॅमिंग्टन रोडवर होईल. अडचण हवेची आहे: दमटपणा आणि धूळ आत गेली की भार गळतो, एक कान बारीक होतो आणि चरचर सुरू होते. गृहस्थ म्हणतात, लगेच घेऊन जा. मी त्यांना सांगितले आहे की नवरात्र उलटल्यावर, हवा जरा कोरडी झाली की, त्यांच्याच घरी तो तासभर चालू ठेवून आधी दोन्ही कान ऐकेन, आणि येताना तंबोऱ्याचे ध्वनिमुद्रण बरोबर आणेन.